मॅलॉकने नकार दिला तर पुढे काय?

सी भाषेत चालू प्रोग्रॅमसाठी मेमरी मागायची तर मॅलॉक हे फंक्शन बोलवायचं; जागा नसेल तर ते पत्त्याऐवजी नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देऊन नकार कळवतं. मॅलॉकने दिलेला पॉइंटर नल आहे का, हे बघायला एक ओळ पुरते, आणि ती लिहायला कॉलेजात सगळेच शिकतात. माझ्याकडे रिव्ह्यूला येणाऱ्या कोडमध्ये ती ओळ बहुतेक वेळा असते. अडतं ते तिच्या पुढच्या कंसात. तिथे कधी नुसता प्रिंटएफ असतो आणि प्रोग्रॅम तसाच पुढे जातो, कधी रिटर्न असतो पण आधी घेतलेले दोन बफर लटकत राहतात, कधी उघडलेली फाइल बंद होत नाही. वाचलं की लगेच कळतं, ही फांदी लिहिली गेली पण आजवर एकदाही चालली नाही. नकार आल्यावर प्रोग्रॅमने काय करायचं हे आधी ठरवणं आणि ते खरंच तसं होतं का हे चालवून बघणं, मेहनत इथे आहे. या लेखात मी जास्त वेळ त्यालाच देणार आहे.

मी पुण्यात, भोसरीकडे, वीजमीटरच्या गेटवेचं फर्मवेअर लिहिते. सोसायटीच्या मीटररूममध्ये भिंतीवर एक डबी बसते. तिच्यात ३२ बिटचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट रॅम, स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही, वर छोटं लिनक्स आणि महिनोन्‌महिने न थांबता चालणारा एक सी प्रोग्रॅम. मीटर रीडिंगचं पॅकेट पाठवतात, गेटवे ते साठवून पोच देतो आणि पुढे सर्व्हरकडे पाठवतो. पोच मिळेपर्यंत मीटर ते रीडिंग स्वतःकडे ठेवतो. खालची बरीच उदाहरणं याच कामातली आहेत. फंक्शनांची नावं आपण तोंडाने घेतो तशी लिहिली आहेत.

"मॅडम, नल वापरला तर प्रोग्रॅम क्रॅश होतोच ना? मग वेगळं तपासायचं कशाला?" नव्याने आलेल्या मुलामुलींकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. उत्तर असं की क्रॅश होईलच याची हमी कोणी दिलेली नाही. ज्यांनी टर्बो सीवर प्रॅक्टिकल केली त्यांना आठवत असेल: प्रोग्रॅम चालायचा, उत्तरंही बरोबर यायची, आणि बाहेर पडताना स्क्रीनवर 'नल पॉइंटर असाइनमेंट' अशी ओळ उमटायची. डॉसमध्ये शून्य पत्त्यावर लिहायला कोणी अडवतच नव्हतं. टर्बो सी स्मॉल मॉडेलमध्ये डेटा सेगमेंटच्या सुरुवातीला ते बनवणाऱ्या बोरलँड कंपनीचा कॉपीराइटचा मजकूर ठेवायचं आणि शेवटी तो बिघडलाय का एवढंच बघायचं.

आर्डुइनो उनोवर तर याहून वाईट. त्यातल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये रॅम २०४८ बाइट, त्यामुळे मॅलॉकचा नकार तिथे रोजचाच. आणि तिच्या डेटा मेमरीचे पहिले ३२ पत्ते म्हणजे प्रोसेसरचे स्वतःचे ३२ रजिस्टर. नल पॉइंटरवर लिहिलेलं थेट त्या रजिस्टरांत जाऊन बसतं. क्रॅश नाही, संदेश नाही; भलत्याच ठिकाणचं गणित चुकतं आणि माणूस दोन दिवस सेन्सर बदलत बसतो.

लिनक्सवर शून्याजवळची पानं मुद्दाम मोकळी ठेवलेली असतात, म्हणून तिथे सेगमेंटेशन फॉल्ट येतो. पण पहिलं लिखाण ॲरेच्या सुरुवातीला न होता बरंच पुढच्या एखाद्या घरात झालं, तर पत्ता होतो नल अधिक ऑफसेट, आणि तो त्या मोकळ्या पट्ट्याच्या पलीकडे खऱ्या मेमरीत पडू शकतो. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक मार्क डाउड यांनी ब्राउझरमधल्या फ्लॅश प्लेयरमध्ये नेमकं हेच करून दाखवलं. फाइलमधल्या आकड्याने अलोकेशन फेल करायचं, तपासणी नसल्याने नलपासून हव्या त्या अंतरावर लिहायला मिळतं, आणि तिथून प्रोग्रॅमचा ताबा घेता येतो. आमच्या डबीत हल्लेखोर नसला तरी एका मीटरच्या खराब पॅकेटसाठी बाकीच्या सगळ्या मीटरांची न साठवलेली रीडिंग घालवायची, हे मला मान्य नाही.

नकार ओळखायचा कसा

मॅलॉक, कॅलॉक (जागा शून्यांनी भरून देणारं), रिॲलॉक (घेतलेल्या जागेचा आकार बदलणारं), तिघांनाही जागा मिळाली नाही की नल परत येतो. पोसिक्स सिस्टिमवर (लिनक्स त्यातलंच) एरनो या एरर क्रमांकाच्या व्हेरिएबलमध्ये ईनोमेम, म्हणजे 'मेमरी नाही', हा कोडही बसतो, पण सीचं स्टँडर्ड त्याची सक्ती करत नाही. तेव्हा निर्णय पॉइंटर बघूनच घ्या, एरनो फक्त लॉगसाठी वापरा. शून्य बाइट मागितले तर नलही येऊ शकतो किंवा फक्त फ्री करण्यापुरता उपयोगाचा पॉइंटरही येऊ शकतो. दोन्ही नियमात बसतं. म्हणून आकार शून्य असेल तर मॅलॉकपर्यंत जाऊच नका.

मेमरी मागणारी पण नावावरून तसं न कळणारी फंक्शनं बरीच आहेत: स्ट्रडप, गेटलाइन, ओपनडिर, एफओपन. रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त सुटतं ते स्ट्रिंगची प्रत काढणारं स्ट्रडप. लागेल तेवढी जागा स्वतः घेऊन त्यात मजकूर लिहिणाऱ्या एएसप्रिंटएफचं तंत्र आणखी वेगळं आहे. फेल झाल्यावर ते उणे एक परत देतं आणि पॉइंटरमध्ये काय असेल त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे तिथे पॉइंटर नव्हे तर परत आलेला आकडा तपासायचा.

असर्टने नल तपासू नका. एनडीबग हा मॅक्रो लावून रिलीज बिल्ड केला की असर्ट गायब होतो, म्हणजे ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासणीच उरत नाही. स्टडलिब हेडर घ्यायला विसरून वर मॅलॉकच्या उत्तराला कास्ट करायची जुनी सवयही सोडा. हेडर नसेल तर जुना कंपायलर मॅलॉक इंट परत देतं असं धरून चालायचा आणि ६४ बिटच्या मशीनवर पत्त्याचा अर्धा भाग कापला जायचा. कास्टमुळे त्याची वॉर्निंगही दबते. जीसीसी १४ पासून हेडर नसणं ही सरळ एररच आहे.

मागण्याआधी आकडा बघा

हा भाग सावकाश वाचा, कारण इथे नल तपासूनही प्रोग्रॅम फसतो.

आमच्या पॅकेटच्या हेडरमध्ये नोंदींची संख्या चार बाइटमध्ये येते आणि प्रत्येक नोंद १६ बाइटची असते. समजा लाइनवरच्या गोंधळामुळे संख्या आली २६८४३५४५७. गुणिले १६ म्हणजे ४२९४९६७३१२. पण ३२ बिटच्या प्रोसेसरवर साइझ-टीमध्ये, म्हणजे मेमरीचे आकार ठेवायच्या प्रकारात, जास्तीत जास्त ४२९४९६७२९५ मावतात. गुणाकार वळसा घालून परत येतो आणि मॅलॉकच्या हातात पडतात फक्त १६ बाइट. सोळा बाइट मॅलॉक आनंदाने देतं. पॉइंटर नल नाही, तपासणी पास, आणि त्यानंतरचा लूप सव्वीस कोटी नोंदी सोळा बाइटच्या जागेत भरायला निघतो. बेरजेतही हेच होतं. लांबी ४२९४९६७२९५ आली आणि तुम्ही शेवटच्या शून्यासाठी एक मिळवलात, तर मागणी होते शून्य बाइटची.

त्यावर पहिला इलाज व्यवहारातला आहे. दर १५ मिनिटांची एक नोंद धरली तर दिवसाच्या नोंदी होतात ९६. आमचं एक पॅकेट म्हणजे एक दिवस. मग १ ते ९६ च्या बाहेरचा आकडा आला की पॅकेट तिथेच नाकारायचं, मॅलॉकचा संबंधच नाही. तुमच्या कामात अशी नैसर्गिक मर्यादा बहुतेक वेळा सापडते. ती शोधा आणि डिफाइन करून एका जागी लिहून ठेवा. मर्यादा नसेलच, तर गुणाकार करण्याआधी साइझ-मॅक्सला (साइझ-टीची कमाल किंमत) एका नोंदीच्या आकाराने भागा आणि संख्या त्या भागाकारापेक्षा मोठी असेल तर परत फिरा. कॅलॉक हा हिशोब स्वतः करतं. २००२ मध्ये बऱ्याच लायब्ररींची कॅलॉक यात कच्ची असल्याचं उघड झालं आणि ती दुरुस्त झाली. रिॲलॉकसाठी तसंच काम रिॲलॉकॲरे करतं. ते ओपनबीएसडीमधून आलं आणि लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, म्हणजे जीलिबसीमध्ये, २.२६ पासून आहे.

आणि लांबी इंटमध्ये ठेवू नका. उणे एक साइझ-टीमध्ये गेला की जगातली सगळी मेमरी मागतो.

रिॲलॉकची जुनी खोड

ही ओळ तुम्ही शंभर ठिकाणी पाहिली असेल:

यादी = रिॲलॉक(यादी, नवा_आकार);

रिॲलॉकने नकार दिला तर जुना ब्लॉक जसाच्या तसा शाबूत असतो. पण वरच्या ओळीत यादीमध्येच नल येऊन बसला, त्यामुळे जुन्या ब्लॉकचा पत्ता गेला. तो आता फ्रीही करता येत नाही आणि त्यातली रीडिंगही वाचता येत नाहीत. असं लिहा:

नवी = रिॲलॉक(यादी, नवा_आकार);
इफ (नवी == नल) रिटर्न -१;
यादी = नवी;
क्षमता = नवी_क्षमता;

क्षमतेचा आकडा शेवटी बदलतो, हे बघा. तो आधी वाढवला आणि मग नकार आला, तर पुढचा कोड नसलेल्या जागेत लिहील. जुना ब्लॉक शाबूत राहतो ही मोठी सोय आहे. आमच्याकडे रांग वाढली नाही तर आहे तेवढी रांग सर्व्हरकडे रवाना करून जागा मोकळी करता येते. क्षमता दुप्पट करताना नकार आला तर लगेच हार मानू नका, नेमकी गरजेपुरती जागा मागून बघा. अनेकदा तेवढी मिळते. रिॲलॉकला शून्य आकार मात्र कधीच देऊ नका. सी२३ मध्ये त्याचं वर्तन अनिश्चितच ठरवलं आहे. सोडायचं असेल तर फ्री आहे.

कंसाच्या आत काय लिहायचं

आधी ठरवा, तुमचा प्रोग्रॅम कोणत्या जातीचा आहे. एकदा चालून संपणारं कमांड लाइन टूल असेल तर संदेश देऊन थांबणं हा प्रामाणिक मार्ग आहे. ग्नूची टूल्स आणि गिट यासाठी एक्समॅलॉक नावाचं वेष्टन वापरतात: जागा मिळाली तर पॉइंटर, नाही तर संदेश आणि एक्झिट. तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर मात्र एक्झिट करायचा अधिकार तुम्हाला नाही. एरर वर पाठवा, निर्णय बोलावणाऱ्याचा. जीलिब ही लायब्ररी (जीलिबसी वेगळी) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिचं जी-मॅलॉक नकार आला की अख्खा प्रोग्रॅम बंद पाडतं. नल हवा असेल तर जी-ट्राय-मॅलॉक.

गेटवे तिसऱ्या जातीचा: ती एक विनंती सोडायची, बाकी काम चालू ठेवायचं. पॅकेट हाताळणाऱ्या आमच्या फंक्शनमध्ये चार गोष्टी घ्याव्या लागतात: नोंदींसाठी बफर, मीटरच्या नावाची प्रत, रांगेत एक जागा आणि एक फाइल. मागणी अगदी तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीलाही अडू शकते. म्हणून फंक्शनच्या सुरुवातीला सगळे पॉइंटर नल, फाइलचा क्रमांक उणे एक आणि परिणामही उणे एक ठेवायचा. कुठेही नकार आला की गोटू करून शेवटच्या 'आवरा' या लेबलवर जायचं. तिथे सगळे पॉइंटर फ्री करायचे, फाइल उघडी असेल तर बंद करायची, परिणाम परत द्यायचा. नलला फ्री केलं तर काही होत नाही, ही स्टँडर्डची हमी आहे, त्यामुळे पॉइंटरांसाठी तिथे एकही इफ लागत नाही. सगळं सुरळीत झालं तर बफर रांगेच्या हवाली करून आपला पॉइंटर नल करायचा, परिणाम शून्य करायचा आणि त्याच लेबलमधून बाहेर पडायचं. गोटू वाईट असं कॉलेजात शिकवतात, पण लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये आवराआवरीसाठी हीच पद्धत सांगितली आहे आणि कर्नलभर ती दिसते. आवरायची जागा एकच असल्यामुळे उद्या पाचवी गोष्ट आली तरी एकच ओळ वाढते.

क्रम महत्त्वाचा. लागणारी सगळी मेमरी आधी मागून घ्या, बाहेरच्या कुठल्याही स्थितीला त्यानंतर हात लावा. आणि पोच सगळ्यात शेवटी. नकार आला तर गेटवे पोच देत नाही, मीटर ठरलेल्या वेळाने तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, तोवर बहुधा जागा झालेली असते. एक रीडिंगही हरवत नाही. जो कोणी अशी साधनं लिहितो त्याला मी हे आग्रहाने सांगते: पलीकडच्याकडे प्रत आहे तोवर पोच देऊन ती पुसायला लावू नका.

लॉग लिहिणाऱ्या फंक्शनच्या आत मॅलॉक आहे का, तेही उघडून बघा. मेमरी संपल्याचा संदेश तयार करायला मेमरी मागणारे लॉगर मी पाहिले आहेत. स्टॅटिक बफरमध्ये एसएनप्रिंटएफ आणि फाइल क्रमांक २ वर राइट, एवढं पुरतं.

जिथे जमेल तिथे मागणीच सुरुवातीला उरकून घ्या. आमच्याकडे प्रत्येक मीटरचा ९६ नोंदींचा बफर डबी चालू होतानाच घेतला जातो. नकार यायचाच तर तो तेव्हा येतो, जेव्हा शिडी लावून बसवणारा माणूस समोर उभा असतो आणि लाल दिवा बघू शकतो. मिस्रा सी २०१२ या सुरक्षित सी लिहिण्याच्या नियमावलीत तर मॅलॉक आणि त्याच्या भावंडांना मनाईच आहे. फ्रीआरटॉस या छोट्या साधनांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करत असाल तर हीप-वन ही मेमरी परत न घेणारी पद्धत याच विचारातली, आणि नकाराची खबर देणारा मॅलॉक-फेल्ड हुक कॉन्फिगमध्ये चालू करून घ्या.

नकार मुद्दाम आणा

ऑफिसच्या मशीनवर १६ गिगाबाइट रॅम असते, तिथे नकार आपणहून येणार नाही. तो आणावा लागतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे शेलमध्ये प्रोग्रॅमच्या मेमरीवर मर्यादा घालणाऱ्या युलिमिटचा व्ही पर्याय. त्यापुढचा आकडा किलोबाइटमध्ये असतो. पण यात नकार कुठे येईल ते आपल्या हातात नसतं.

त्याहून नेमका उपाय लिंकरकडे आहे. रॅप हा पर्याय मॅलॉकसाठी दिला की तुमच्या कोडमधला प्रत्येक मॅलॉक तुम्ही लिहिलेल्या रॅप-मॅलॉककडे वळतो आणि खरं मॅलॉक रिअल-मॅलॉक या नावाने मिळतं (दोन्ही नावांच्या आधी दोन अंडरस्कोअर). रॅप-मॅलॉकमध्ये एक काउंटर ठेवा. तो एन्व्हायर्नमेंटमधून दिलेल्या आकड्याला पोचला की नल परत करा, एरवी खऱ्याकडे सोपवा. मग टेस्ट लूपमध्ये चालवा: पहिलं अलोकेशन फेल, मग दुसरं, मग तिसरं, असं करत ज्या फेरीत काउंटर त्या आकड्यापर्यंत पोचतच नाही तिथे थांबा. कॅलॉक, रिॲलॉक आणि स्ट्रडपलाही असंच वेष्टन द्या, कारण लायब्ररीच्या पोटातलं मॅलॉक या पद्धतीने पकडलं जात नाही. तेही हवं असेल तर एलडी-प्रीलोडने आपलं मॅलॉक बाकी लायब्ररींच्या आधी लोड करा.

ही काही माझी शक्कल नाही. एसक्युलाइट या डेटाबेसची टेस्ट अशीच एकेक अलोकेशन फेल करत पुढे सरकते, आणि तीही दोन तऱ्हांनी: एकदाच नकार देऊन, आणि त्या क्षणापासून प्रत्येक मागणीला नकार देऊन. दोन्ही करा. दुसऱ्या तऱ्हेत आवराआवरीच्या कोडलाच मेमरी लागते आहे का ते उघडं पडतं. कर्लच्या टॉर्चर टेस्टही याच धर्तीच्या.

हा लूप मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावून चालवा. म्हणजे नकाराच्या फांदीतली गळती, दोनदा फ्री, फ्री केल्यावर वापर, सगळं जागच्या जागी दिसतं. फक्त तेव्हा युलिमिट लावू नका. ६४ बिटवर सॅनिटायझर स्वतःसाठी कित्येक टेराबाइटचे पत्ते राखून ठेवतो आणि सुरूच होणार नाही. शिवाय अवाढव्य मागणी आली तर तो नल न देता प्रोग्रॅम थांबवतो. नल हवा असेल तर अलोकेटर-मे-रिटर्न-नल हा पर्याय १ करा. जीसीसी १० पासून आलेला एफ-ॲनालायझरही चालवून बघा, न तपासलेला पॉइंटर तो कंपाइल करतानाच दाखवतो.

लिनक्सच्या होकारावर किती विसंबायचं

एवढं सगळं केल्यावरही एक गोष्ट उरते. लिनक्सवर मॅलॉकचा होकार म्हणजे पत्ते मिळाले. खरी पानं आपण लिहायला लागल्यावर मिळतात. मूळ सेटिंगमध्ये, म्हणजे ओव्हरकमिट-मेमरी (असलेल्यापेक्षा जास्त मेमरीला होकार द्यायचा का, हे ठरवणारं कर्नलचं सेटिंग) शून्य असताना, एका दमात एकूण रॅम आणि स्वॅपपेक्षा जास्त मागितलं तर नकार येतो, पण थोडं थोडं करत त्याच्या कितीतरी पुढे जाता येतं. मग एखाद्या साध्या मेमसेटच्या मध्यावर पानं संपतात आणि ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) एक प्रोसेस निवडून सिगकिल, म्हणजे अडवता न येणारा सिग्नल, पाठवतो. तिथे तुमचा नल चेक कामाला येत नाही. प्रोसेस शेलमधून किंवा कंटेनरमध्ये चालत असेल तर एक्झिट कोड १३७ दिसतो, १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९. खात्री करायची तर डीमेसेजमध्ये आउट ऑफ मेमरीची ओळ शोधा.

डबीसारख्या बंदिस्त साधनावर मी ओव्हरकमिट-मेमरी २ ठेवते. मग कर्नल हिशोबाबाहेर होकार देत नाही आणि नकार मॅलॉकच्या दारातच येतो. यात मर्यादा ठरते स्वॅप अधिक रॅमच्या ओव्हरकमिट-रेशो टक्के, आणि तो रेशो मुळात ५० असतो. स्वॅप नसलेल्या ६४ मेगाबाइटच्या डबीत म्हणजे जेमतेम निम्मी रॅम, म्हणून तो वाढवावा लागतो. किती वाढवायचा ते मेमइन्फो फाइलमधले कमिटलिमिट आणि कमिटेड-एएस हे दोन आकडे भरलेल्या कामाच्या वेळी बघून ठरवा. मोठी प्रोसेस फोर्क करत (स्वतःची प्रत काढत) असेल तर या सेटिंगमध्ये फोर्कही ईनोमेम देऊ शकतो, तेव्हा त्याचंही उत्तर तपासा. डेस्कटॉपवर हे सेटिंग मी सुचवणार नाही, ब्राउझर हैराण होतो. तिथे मूळ सेटिंग ठेवा आणि ज्या प्रोसेसला किलरने सगळ्यात शेवटी हात लावावा तिचा ओओएम-स्कोर-ॲडजस्ट उणे १००० च्या दिशेने खाली आणा. त्यासाठी रूट लागतो.